घासणारं दार

माझा खाऱ्या पाण्याचा फिशटँक ज्या कपाटासारख्या स्टँडवर उभा होता, त्याचं दार एका सकाळी घासलं. दिवसातून दोनदा तरी उघडायचं दार ते. संप म्हणजे पाणी गाळायची खालची छोटी टाकी, फेसातून पाण्यातली घाण काढणारा स्किमर, पंप, खाद्याचे डबे, टेस्ट किट असा सगळा पसारा त्या दाराआड, त्यामुळे हात न बघताच मुठीपर्यंत जातो. त्या दिवशी लावताना खालच्या कोपऱ्यात ‘खर्रर्र’ असा बारीक आवाज आला आणि दार शेवटच्या सुतावर अडलं. मी गुडघ्याने जरा रेटलं, लागलं. वर क्लाउनफिशची जोडी काचेला तोंड लावून वाट बघत होती. त्यांना खायला घातलं आणि मी कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिजागरीचे स्क्रू आवळले, आठवडाभर बरं गेलं, मग पुन्हा खर्रर्र. असं मी जवळजवळ दीड महिना रेटून नेलं. पुढे जे काही सापडलं त्यापेक्षा हा दीड महिनाच मला आजही जास्त लागतो. लाकूड सांगत होतं, रोज सकाळी सांगत होतं, आणि मी गुडघ्याने त्याचं तोंड बंद करत होते.

शेवटी एका दुपारी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाले आणि डोकं आत घातलं. संपमध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज आत एकदम मोठा होतो, हवा कोंदट आणि ओलसर, स्किमरच्या कपाचा तो समुद्रकाठी कुजलेल्या शेवाळासारखा वास. त्या वासाची मला सवय आहे. पण त्या दिवशी त्यात अजून एक वास मिसळला होता, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. पाठीमागच्या फळीत रिटर्नचा, म्हणजे संपमधलं पाणी परत वर नेणारा पाइप बाहेर काढायला एक भोक आहे. त्याच्या खालच्या कडेवर अंगठा टेकवला तर अंगठा आत गेला. फार नाही, नखाएवढा. फळी तिथे ताकदीची राहिलीच नव्हती, हाताखाली भिजलेल्या वहीसारखी लागत होती. भोकाखालून एक फुगवटा तळापर्यंत गेला होता, तळाची फळी त्या कोपऱ्यात वर उचलली होती, आणि दार घासत होतं ते तिलाच. बाजूच्या उभ्या फळीचा पायही ओला होता. ज्या फळीवर टाकीची एक संपूर्ण बाजू उभी होती, ती फळी.

भोक मीच पाडलं होतं. सहा वर्षांपूर्वी, ड्रिलला गोल करवत लावून. स्टँड एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा तंतू चेपून केलेल्या फळ्यांचा होता, बाहेरून लॅमिनेट, कडांना व्यवस्थित पट्टी, आतून पांढराशुभ्र. बनवणाऱ्याने त्याच्या परीने सगळ्या कडा झाकून दिल्या होत्या. उघडी राहिली ती एकच कड, माझ्या भोकाची. वरचा युनियनचा, म्हणजे पाइप उघडता यावा म्हणून बसवलेला आट्यांचा जोड कधीतरी किंचित पाझरायला लागला, थेंब पाइपवरून ओघळत त्या कडेवर थांबायचा आणि फळी तो पिऊन टाकायची. जमिनीवर कधी पाणी दिसलं नाही ते त्यामुळेच. आतला रंग पांढरा, त्यावर जमलेलं मीठही पांढरं. मी रोज तिथे बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

भोक पाडताना निघालेली चकती मी हत्यारांच्या डब्यात टाकून ठेवली होती. अशा चकत्या, उरलेले पाइपचे तुकडे, जादाचे वायसर माझ्याच्याने टाकवत नाहीत. ती काढून आणली आणि भोकाच्या कडेला लावून पाहिली. चकती १८ मिलिमीटर, कड अजून इतकी नीट की बोटाला टोचावी. ज्या फळीतून ती निघाली ती त्या जागी २४ मिलिमीटर झाली होती. एकाच दिवशी, एकाच फळीतून वेगळे झालेले हे दोन भाग. एक कोरड्या डब्यात राहिला, एक ओलाव्याजवळ.

लहानपणी आमच्या घराचं मागचं दार पावसाळ्यात फुगायचं. आजोबा दाराच्या कडेवर मेणबत्ती घासायचे, ‘थांब, थंडी पडली की येईल जागेवर’ म्हणायचे, आणि खरंच ते यायचं. वर्षानुवर्षं ते दार फुगत होतं आणि परत बसत होतं. अख्ख्या लाकडाचा हा स्वभाव आहे, त्याचे तंतू पाणी घेतात आणि सोडतात. बहुतेक त्या आठवणीच्या भरवशावरच मी दीड महिना काढला असेन. एमडीएफला मात्र परतीची वाट नाही. लाकडाचा भुसभुशीत तंतू डिंकात कालवून, प्रचंड दाबाखाली चेपून ती फळी होते. पाणी शिरलं की चेपलेला तंतू मोकळा होतो, डिंकाची पकड सुटते, आणि सुकल्यावरही फळी फुगलेलीच राहते. भुश्याच्या पार्टिकल बोर्डचं तर याहून लवकर होतं. कोरड्यात दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पुस्तकांची कपाटं त्यावर आयुष्य काढतात. कोरड्यात असताना त्या स्टँडनेही सहा वर्षं हूं की चूं न करता ओझं उचललं होतं.

ओझं तरी किती, हे मी त्या रात्री पहिल्यांदा कागदावर मांडलं. चार फुटी टाकी, १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच, काच १० मिलिमीटरची. नुसती काच ५५ किलो. खडक ३० किलो, वाळू २५. उरलेल्या जागेत साधारण २३५ लिटर पाणी, म्हणजे २४० किलो. सगळं मिळून साडेतीनशे. पाच मोठी माणसं त्या फळीवर सहा वर्षं उभी होती, एकदाही न बसता. आणि पाणी नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही रेटतं. या मापाच्या टाकीत समोरच्या एका काचेवर साधारण दीडशे किलोंचा रेटा असतो, आणि तो पेलते सिलिकॉनची बोटभर रुंदही नसलेली पट्टी. खालची बैठक एका कोपऱ्यात खचली की काचेला पीळ पडतो. सगळा स्टँड एका बाजूला किंचित कलला तर काच ते बरंच सहन करते. पीळ तिला सोसत नाही. माझ्या स्टँडचा नेमका एकच पाय भिजला होता.

घरी येणारी माणसं टाकी बघून हमखास विचारतात, काच फुटली तर? १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या हॉटेलातलं ते दहा लाख लिटरचं खाऱ्या पाण्याचं उभं दंडगोल मत्स्यालय फुटलं, त्यात दीड हजारांच्या आसपास मासे होते, तेव्हापासून तर जास्तच. रस्त्यावर वाहून आलेल्या पाण्याचे ते फोटो मलाही कित्येक दिवस छळत होते. पण खाली काय आहे, ते कशाचं आहे, हे आजवर मला कोणी विचारलं नाही. मीही टाकी घेताना मासे, दिवे, स्किमर यांचा महिनोन्महिने अभ्यास केला होता आणि स्टँड एका दुपारी, रंग बघून घेतला होता.

गोड्या पाण्याच्या टाकीखाली हाच स्टँड कदाचित अजून उभा असता. गंमत अशी की मिठाने वजनात फार भर पडत नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पण गोड्या पाण्यापेक्षा माझं अख्खं पाणी फार तर सहा किलोंनी जड. मिठाचं काम वेगळंच आहे. गोड्या पाण्याचा थेंब सांडला तर सुकतो आणि विषय संपतो. खाऱ्या पाण्याचा थेंब सुकतो तेव्हा नुसतं पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. त्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात, ते हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे ती जागा कधी पुरती कोरडी होतच नाही. मग पुढचा थेंब येतो, मिठाच्या खड्यांमधल्या फटींतून वर चढतो, कडेला जाऊन सुकतो, आणि कड जरा पुढे सरकते. टाकीच्या काठावरून, वायरीवरून, पाइपावरून मीठ असं चढत जातं, गुरुत्वाकर्षणाला न जुमानता. मिनिटाला एक थेंब असा हिशेब धरला तर दिवसाला सत्तरेक मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरांवर पाणी, आणि त्यातून ७५ ग्रॅम मीठ. तेवढं मीठ मी तळहातावर घेऊन पाहिलं. ओंजळ भरत नाही, पण मूठ भरते.

मग नवा स्टँड शोधणं सुरू झालं, आणि या वेळी मी रंग सोडून बाकी सगळं पाहिलं.

पहिलं मन लोखंडाकडे गेलं. चौकोनी पाइप वेल्डिंग करून केलेली चौकट, त्यावर पावडर कोटिंग. बघताक्षणी धीर येतो अशी वस्तू. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्या काळातल्या घरगुती टाक्यांनाही लोखंडी चौकट आणि पाटीच्या दगडाचा तळ असायचा. म्हणजे समुद्र घरात आणला की त्याला लोखंडाच्या आधारावर ठेवायचं ही बुद्धी माणसाला सुरुवातीपासूनच सुचलेली. वजनाच्या बाबतीत लोखंडाला तोड नाहीच. पण वेल्डिंगवाल्या काकांनी मला त्यांच्याकडचा एक जुना पाइप कापून दाखवला. बाहेरून काळा, तुकतुकीत, एका ठिकाणी फक्त डाळीएवढा टवका उडालेला. आत भिंतीवर गंजाचे पापुद्रे, हलवलं की खुळखुळणारे. ‘टोकं बंद केली नव्हती, ओल आतून फिरली,’ ते म्हणाले. कोटिंगखाली गंज कसा सरकतो हेही त्यांनी नखाने सोलून दाखवलं. टवका डाळीएवढा असला तरी भोवतीचं कोटिंग रुपयाएवढं सुटून आलं. टोकं वेल्डने बंद केली, भोकं आधी पाडून मग कोटिंग केलं आणि टवका दिसला की लगेच रंगवला, तर असा स्टँड वर्षानुवर्षं टिकतो यात मला शंका नाही. ज्यांची टाकी माझ्या दुप्पट आहे त्यांनी लोखंडच घ्यावं असं मी सांगेन. मला त्या आतल्या खुळखुळण्याची भीती बसली, एवढंच. जे सडताना दिसत नाही ते मला आता नको होतं.

स्टेनलेस स्टील घ्यायचं तर मॉलिब्डेनम असलेलं ३१६. साध्या ३०४ ला खाऱ्या तुषारांनी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी हलक्या आणि सुबक, पण त्यांच्यात स्टीलचे स्क्रू असले की खाऱ्या ओलीत दोन धातूंचं जमत नाही, सांध्यापाशी अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

शेवटी मी पुन्हा लाकडाकडे आले. मरीन प्लायवुड आणि अख्ख्या लाकडाचे उभे खांब. या प्लायचे थर फिनॉलिक गोंदाने चिकटवलेले असतात, उकळत्या पाण्याला टिकणारे. कापलेल्या कडेकडे पाहिलं तर थरांमधल्या गोंदाच्या काळपट रेषा दिसतात. सुतारकाकांना मी चित्र काढून नेलं होतं, सगळी मापं घालून. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

‘ताई, आधी मला वजन कुठनं खाली उतरतंय ते दाखवा.’

मला दाखवता येईना. माझ्या चित्रात वरची फळी दोन उभ्या फळ्यांच्या मध्ये बसवलेली होती, स्क्रूंनी. काकांनी पेन्सिलीने ती उचलून उभ्या फळ्यांच्या डोक्यावर ठेवली. ‘स्क्रूने लाकडं एका जागी धरायची. वजन लाकडाने लाकडावर द्यायचं, जमिनीपर्यंत.’ मग त्यांनी कोपऱ्यात उभी असलेली कुणाच्यातरी कपाटाची नुसती चौकट तळव्याने बाजूला ढकलली. ती तिरकी झाली, परत आली. पाठीला एक फळी टेकवून दोन खिळे मारले आणि पुन्हा ढकलली. हललीच नाही. माझी अडचण अशी की मला पाठ उघडी हवी होती, आतली दमट हवा बाहेर पडायला. दोघांनी मिळून तोडगा काढला: दोन्ही कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत रुंद पट्ट्या, मधला भाग मोकळा. खालून सहा पाय, प्रत्येक पाय बरोबर एका खांबाखाली, आणि फिरवून उंची कमीजास्त करता येणारे, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी तळाला लागणार नाही. घरी आल्यावर सहा पाय जिथे टेकणार होते तिथली प्रत्येक फरशी मी नाण्याने वाजवून पाहिली. एक पोकळ वाजली. टाकी भिंतीच्या कडेनेच, पण फूटभर डावीकडे सरकवायचं ठरलं.

आतून इपॉक्सीचे, म्हणजे पाणी शिरू न देणाऱ्या लेपाचे तीन हात दिले, दोन हातांमध्ये पॉलिश पेपर. रंग मुद्दाम गडद राखाडी घेतला. काका म्हणाले, ‘आत कोण बघतंय, पांढराच द्या, उजेड पडतो.’ मी त्यांना सांगितलं की आतच बघायचं आहे. भोकं सगळी रंगाच्या आधी पाडली, त्यांच्या कडांना ब्रशने इपॉक्सी पाजलं. पाजलं हाच शब्द बरोबर. पहिला हात कड अक्षरशः पिऊन टाकते, दुसराही अर्धा पिते, तिसऱ्याला चकाकी येते. संपखाली काठ असलेला एक मोठा ट्रे बसवला. लाइट गेले की वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाइपातून खाली उतरतं, संपमध्ये तेवढी जागा ठेवतेच मी, पण चूक झाली तर पाणी ट्रेमध्ये थांबेल. ट्रेमध्ये रात्रभर पाणी भरून ठेवलं आणि सकाळी खाली कोरडा कागद सरकवून पाहिला. कागद कोरडाच आला. प्लगची पट्टी बाहेरच्या बाजूला, उंच, प्रत्येक वायर खाली झुकून मग वर गेलेली, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब त्या झुकलेल्या जागीच गळून पडेल.

हलवाहलवीचा दिवस सांगण्यासारखा आहे आणि नाहीही. पहाटे सुरू केलं, रात्री अकराला संपलं. मासे टाकीच्याच पाण्याने भरलेल्या एका मोठ्या डब्यात, हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडासकट. खडक दुसऱ्यात, प्रवाळं तिसऱ्यात. सहा वर्षांची वाळू टाकून दिली, तळाशी साठलेलं सगळं उसळून वर आलं असतं. क्लाउनफिशची जोडी डब्याच्या तळाशी एकमेकांना चिकटून कोपऱ्यात थांबली होती. मोठी मादी पुढे, नर तिच्या पाठीमागे. टाकीत ती माझ्या हाताला चावायला धावते. तिथे मी हात बुडवला तर हलली नाही. चौघांनी मिळून रिकामी टाकी उचलली तेव्हा मला पहिल्यांदा जुना स्टँड नुसता, डोक्यावर काही नसलेला दिसला. ओझं उतरल्यावर भिजलेला पाय तरी वर येईल असं उगाच वाटलं होतं. तो तसाच खाली दबलेला राहिला. सोडवायला घेतला तर मागची फळी हातात तुकड्यांनी आली, आणि बाकीच्या फळ्या मात्र खणखणीत. त्या बाहेर नेऊन ठेवताना मला वाईट वाटलं. त्या फळ्यांची काही चूक नव्हती.

नव्या स्टँडवर फोमची पातळ चादर, तिच्यावर टाकी. काकांनी पाणसळ ठेवून पाहिली होती, बुडबुडा मधोमध होता. तरी आधी बोटभर पाणी घालून मी चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजलं. पाणसळ या शब्दातच पाणी आहे, आणि चार फूट लांबीच्या काचेत त्याच्याइतकं खरं सांगणारं दुसरं काही नाही. मागचा उजवा कोपरा दोन मिलिमीटर खाली होता. जुना स्टँड असता तर मी काचेखाली एखादा पुठ्ठा सरकवला असता, आणि तेच चुकलं असतं. आधार द्यायचा तो स्टँडच्या पायाखाली. पुन्हा जमिनीवर आडवी झाले, पाय एक आटा फिरवला, पुन्हा मोजलं. एक मिलिमीटर. अजून अर्धा आटा. मग पाणी भरलं. अर्धं भरल्यावर थांबले, मोजलं. पूर्ण भरल्यावर मोजलं. रात्री अकराला पंप सुरू केला आणि दिवा न लावता बसून राहिले. पाणी अजून गढूळ होतं, मासे दिसत नव्हते. संपचा आवाज नवीन होता, जरा खोल, उघड्या पाठीमुळे खोलीभर पसरणारा.

याला आता चार महिने झाले. दार अलगद लागतं. मी रोज सकाळी ते उघडते आणि टॉर्च घेऊन गडद भिंतीवरून एक फेरी मारते, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. गेल्या मंगळवारी युनियनच्या खाली एक पांढरा ठिपका दिसला. मोहरीच्या अर्ध्याएवढा. बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट. ओल्या फडक्याने पुसून टाकला. बुधवारी तिथे काही नव्हतं. गुरुवारी सकाळी होता, त्याच जागी, तेवढाच. मी पंप बंद केला, युनियन उघडली. आतला वायसर एका बाजूने चपटा झाला होता. हत्यारांच्या डब्यात जादाचे वायसर होते, त्या चकतीच्या खालीच.